वेबसाइट करून द्यायचे किती घ्यावेत? (मी लातूरचा, पण बाकीच्यांनीही सांगा)

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. पुण्यात अडीच वर्षं नोकरी करून २०२२ मध्ये गावाकडं परत आलो आणि तेव्हापासून एकट्यानंच वेबसाइट करून देतो. काम बरं चाललंय. अडचण एकच, पैसे सांगायची वेळ आली की माझी जीभ अडखळते.

परवाचीच गोष्ट. गंजगोलाईजवळ एक कृषी सेवा केंद्र आहे. मालक वडिलांच्या ओळखीचे, मी त्यांना काका म्हणतो. त्यांना वेबसाइट हवी आहे. आठ पानं, सगळी मराठीत, बियाणं-खतांची कंपनीनिहाय यादी, दुकानाचे फोटो, आणि शेतकऱ्यानं बटण दाबलं की चौकशी थेट व्हॉट्सॲपवर यावी. मी घरी येऊन हिशेब केला, ५८ तास धरले आणि दुसऱ्या दिवशी २८ हजार सांगितले. काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "बाळा, दुसरा एक पोरगा पाच हजारांत करून द्यायलाय. तू घरचा म्हणून तुला बोलावलं." मी "बघतो काका" म्हणून उठलो.

तुम्ही दर कसा ठरवता? पानावर, तासावर, की समोरचं दुकान केवढं आहे ते बघून? आणि पाच हजार ऐकल्यावर काय बोलता? त्या पोराला मला नावं ठेवायची नाहीत. काकांना पटेल असं उत्तर हवंय.

गंगाखेडकर
तो पाच हजारांतला पोरगा म्हणजे २०१९ सालचा मी.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. एका क्लासच्या सरांना साडेचार हजारांत साइट करून दिली आणि त्या पैशांतून मोबाइल घेतला, एवढा आनंद झाला होता. वर्डप्रेस, म्हणजे साइट बांधायचं सॉफ्टवेअर, तर फुकटच आहे, २००३ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. पण मला आवडलेली थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, विकतची होती. ती मी कुठूनतरी चोरीची उतरवून बसवली. जूनमध्ये, ऐन प्रवेशाच्या दिवसांत सरांचा फोन आला, साइट उघडली की जुगाराच्या जाहिराती दिसायल्यात. पालक फोन करून विचारायलेत. अकरा दिवस रात्री जागून ती साफ केली, एक रुपया न घेता. घेणार तरी कोणत्या तोंडानं?

मला फसवायचं नव्हतं. साइट दिल्यानंतरही काही काम उरतं, हेच मला माहीत नव्हतं. साडेचार हजारांत ते काम धरलेलंच नव्हतं. तुमच्या काकांना हे सांगा, त्या पोराला वाईट न म्हणता सांगता येतं.

मोंढ्यातला
जालन्याहून. मी वेबसाइट करणारा नाही, करून घेणारा आहे. सरकी-ढेपेचा व्यापार. म्हणून दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका.

मी पाच हजार दिले नव्हते, ४० हजार दिले होते. चांगली झाली होती साइट. दोन वर्षांनी करणारा मुलगा नोकरीला बंगळूरला गेला. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्याच्या नावावर, पासवर्ड त्याच्याकडं, नूतनीकरणाची आठवण त्याच्या ईमेलवर. साइट बंद पडली ती मला एका गिऱ्हाईकानं सांगितली तेव्हा कळली. त्या मुलाचा नंबरही बदललेला. म्हणजे जास्त पैसे दिले की सगळं नीट होतं, असंही काही नाही.

तुम्ही लोक एक आकडा सांगता. २८ हजार. त्यात काय काय आहे? आमच्या मोंढ्यात शेतकऱ्याला पट्टी, म्हणजे हिशेबाची चिठ्ठी, देतो तेव्हा हमाली वेगळी लिहितो, तोलाई वेगळी लिहितो, वजन वेगळं, भाव वेगळा. शेतकरी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारू शकतो. तुमच्या कागदावर एकच ओळ असते. मग समोरचा त्या एका ओळीशीच भांडणार, त्याला दुसरं काही दिसतच नाही.

अंबाजोगाई_ताई
मोंढ्यातल्या दादांशी शंभर टक्के सहमत. डोमेन ग्राहकाच्या नावावर, ग्राहकाच्या ईमेलवर, ग्राहकाच्या कार्डानं घ्यायचं. आपण शेजारी बसून फॉर्म भरून द्यायचा. मी तीन वर्षांपासून असंच करते. अर्धा तास जास्त जातो, पण उद्या मला काही झालं तरी त्यांचं दुकान अडत नाही.

सिडको_एन७
संभाजीनगरात आमची नऊ जणांची छोटी कंपनी आहे. आकडे विचारलेत म्हणून आमचे सांगतो. पाच-सात पानांची साधी माहितीची साइट ३५ ते ६० हजार. ऑनलाइन विक्रीची, पेमेंट आणि कुरिअर जोडून, सव्वा लाखाच्या पुढं. वाळूजचे सुटे भाग बनवणारे कारखानदार येतात, त्यांना परदेशातल्या खरेदीदाराला दाखवायची इंग्रजी साइट हवी असते. तिथं मशिनचे फोटो आणि तांत्रिक माहिती गोळा करण्यातच महिना जातो, म्हणून तो दर आणखी वेगळा.

पण हे आकडे तुम्ही उचलू नका. माझ्याकडं नऊ पगार आणि भाडं आहे. तुम्ही तुमचा काढा. घर चालायला महिन्याला ३५ हजार लागतात असं धरू. इंटरनेट, वीज, सॉफ्टवेअर, लॅपटॉपची झीज मिळून ९ हजार. झाले ४४ हजार. आता महिन्यात ज्या तासांचे पैसे मिळतात असे तास किती? एकट्या माणसाचे ८० च्या वर जात नाहीत. बाकीचा वेळ फोन, भेटी, वसुली आणि शिकण्यात जातो. ४४ हजार भागिले ८० म्हणजे ५५० रुपये तास. तुमचे ५८ तास गुणिले ५५० म्हणजे ३१,९००. तुम्ही २८ सांगितलेत, म्हणजे आधीच कमी सांगितलेत. आणि पाच हजार भागिले ५८ म्हणजे तासाला ८६ रुपये.

हा हिशेब काकांना दाखवायचा नाही. हा तुमच्यासाठी, जीभ अडखळू नये म्हणून. ५५० च्या खाली गेलो की घरातून पैसे घालतोय, हे एकदा कळलं की आकडा सांगताना आवाज खाली जात नाही.

मांजराकाठ
दादा, ८० तास वाचून थबकलो. मी १६० धरत होतो. म्हणूनच महिनाअखेरीला काही उरत नाही होय.

एक सांगायचं राहिलं. त्या ५८ तासांतले १४ तास निव्वळ मजकुराचे आहेत. काकांनी यादी दिली ती अर्धी हातानं लिहिलेली आणि अर्धी पत्रकाच्या जुन्या श्रीलिपी (छपाईवाल्यांचं मराठी सॉफ्टवेअर) फाइलमध्ये.

वजिराबादचा_डीटीपीवाला
अरे बाबा, मग १४ तास कमीच धरलेस.

नांदेडला चोवीस वर्षं लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पत्रकं करतोय. श्रीलिपीतला मजकूर वेबसाइटवर सरळ चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो, कारण तो युनिकोड, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर तीच अक्षरं दिसतील असा, नाही. त्या अक्षरांना फक्त त्याच फॉन्टमध्ये अर्थ. कन्व्हर्टर असतात, पण रफार भलत्याच अक्षरावर जातो, र्‍हस्व इकार एक घर सरकतो, "कार्य"चं भलतंच होतं. म्हणून बदललेला मजकूर मूळ कागद समोर ठेवून ओळ न् ओळ वाचावा लागतो. खता-औषधांच्या यादीत तर एक शून्य इकडचं तिकडं झालं की शेतकऱ्याचं नुकसान. माझ्याकडं हे काम आलं की पानावर पैसे घेतो, आणि तपासणी दोन वेळा, त्यातली दुसरी ग्राहकाच्या सहीनं.

युनिकोडमध्ये फॉन्ट घेताना 'मुक्ता' बघ. मोफत आहे, जोडाक्षरं सुरेख बसतात, लहान मोबाइलवरही वाचता येतो.

गोदाकाठ
अवांतर: पत्ताच देवनागरीत घेता येतो ना? .भारत?

वजिराबादचा_डीटीपीवाला
येतो की. २०१४ पासून मिळतो. पण पाटीवर, पिशवीवर आणि टेम्पोवर लिहायचा तर सोबत साधा .इन सुद्धा घेऊन ठेवावा. बरेच लोक मोबाइलवर मराठी कळफलक लावतच नाहीत.

कळंबची_सून
मजकुरावरून आठवलं. २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं तेव्हा एका शिक्षण संस्थेच्या साइटवर मला पत्ता बदलायचा होता. संस्थाचालक म्हणाले, "एक शब्द तर बदलायचाय, ताई." तो एक शब्द प्रत्येक पानाच्या तळाशी होता, नकाशात होता, प्रवेश अर्जाच्या पीडीएफमध्ये होता, चिन्हाच्या चित्रात कोरलेला होता, फॉर्म भरल्यावर जाणाऱ्या ईमेलमध्ये होता. तीन दिवस गेले. करारात देखभालीचं अक्षरही नव्हतं, त्यामुळं मागायला तोंड नव्हतं.

तेव्हापासून वर्षाची देखभाल वेगळी. सहा हजार, महिन्याला दोन तासांपर्यंतचे बदल, बॅकअप आणि सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणं. दोन तासांच्या वर गेलं तर तासाचा दर. ज्यांना नको त्यांनी घेऊ नये, पण मग फोन आल्यावर फुकट काम नाही, हे मी आधीच, साइट करायच्या अगोदर सांगते.

नवा_गडी
एवढं सगळं कशाला? आता एआयला सांगितलं की अर्ध्या तासात साइट होते. २८ हजार घेणं मला तरी पटत नाही.

अंबाजोगाई_ताई
मीही वापरते, मांडणी खरंच लवकर होते. तो वेळ वाचला की मी दरातून कमीही करते. पण त्या दुकानातले फोटो कोण काढणार? माझ्याकडं ग्राहक फोटो पाठवतात ते चार-चार एमबीचे असतात. शेतात उभ्या शेतकऱ्याच्या मोबाइलला दोन काड्या रेंज, पान उघडेपर्यंत तो दुसऱ्या दुकानाला फोन लावून मोकळा होतो. मी प्रत्येक फोटो दीडशे केबीच्या आत आणते आणि मग स्वतः गावाबाहेर जाऊन, रेंज कमी असते तिथं उभी राहून साइट उघडून बघते. मी पैसे घेते ते याचे.

नवा_गडी
हे डोक्यात आलं नव्हतं. मान्य.

वसमतची_हळद
मी शेतकरी महिलांच्या गटाचं काम बघते, हळद पावडर विकतो आम्ही. आमच्या वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळं बाहेरून विचारणा येते. वरचे आकडे वाचून पोटात गोळा आला. आम्ही गेल्या वर्षी १२ हजार दिले आणि तेही हळद विकल्यावर दोन हप्त्यांत. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

एक चांगला अनुभवही सांगते. त्याआधी गूगलच्या दुकान-नोंदणीसोबत मिळणारी फुकटची साइट वापरत होतो. मार्च २०२४ मध्ये गूगलनं ती सेवाच बंद केली. पिशवीवर छापलेला पत्ता निकामी झाला. घाबरून एका मुलीकडं गेलो तर ती म्हणाली, मावशी, तुम्हाला आत्ता मोठी साइट लागतच नाही. नकाशावरची नोंद चालूच आहे, ती नीट भरू, व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग लावू, आणि एकच पान करू, तुमच्या स्वतःच्या डोमेनवर. ती ३० हजार मागू शकली असती, आम्हाला काय कळणार होतं? आता दरवर्षी काम तिलाच.

सिडको_एन७
मावशी, त्या मुलीनं बरोबर केलं. माझं म्हणणं असं की दर कमी करायचा नसतो, काम कमी करायचं असतं. आठ पानांचं काम १२ हजारांत केलं तर कुठंतरी चोरी होते, वेळेची किंवा दर्जाची. एक पान १२ हजारांत नीट होतं.

गंगाखेडकर
मला इथं थोडं वेगळं वाटतं. बचत गट, ग्रंथालय, गावची शाळा यांच्यासाठी मी वर्षातून दोन कामं निम्म्या दरात करतो, आणि कागदावर पूर्ण दर लिहून खाली सवलत लिहितो. म्हणजे त्यांनी पुढं कुणाला सांगितलं तरी खरा दर कळतो. सगळीकडंच तासाचं गणित लावायचं म्हटलं तर आपल्याकडच्या अर्ध्या चांगल्या कामांना वेबसाइटच मिळणार नाही.

सिडको_एन७
दोन ठीक. ती दोनवरच ठेवणं अवघड असतं, नऊ पगारांसाठी तर फारच.

हिशेबाची_वही
मी सीए आहे, बीडला. पैसे किती घ्यावेत यात पडत नाही, पण घेतलेले पैसे हातात कसे येतील ते सांगते, कारण माझ्याकडं येणारी मुलं इथंच अडकतात.

वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला साधारणपणे जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही. नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावायचा नाही. नोंदणी केलीत की या कामावर १८ टक्के, आणि दर सांगतानाच "अधिक जीएसटी" असं लिहा, नाहीतर तो तुमच्या खिशातून जातो. ग्राहक कंपनी असेल तर ती टीडीएस कापून पैसे देईल. तो बुडाला असं समजू नका, प्राप्तिकराच्या साइटवर तुमच्या नावाच्या नोंदीत दिसतो का बघा आणि विवरणपत्र भरा.

सगळ्यात महत्त्वाचं, उद्यम नोंदणी (सरकारची लघुउद्योगांची नोंदणी) करून घ्या. मोफत आहे, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असली की २००६ च्या कायद्यानं ग्राहकाला पैसे देण्याची मुदत बांधलेली आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तरी जास्तीत जास्त ४५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या प्राप्तिकराच्या तरतुदीमुळं ग्राहकानं मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्याला त्या वर्षी वजा धरता येत नाही, पैसे देईल त्या वर्षी धरता येतो. मार्चमध्ये व्यापाऱ्याला हे सौम्य शब्दांत सांगितलं की बरीच बिलं निघतात. बिलावर उद्यम क्रमांक छापा.

मोंढ्यातला
ताई, आम्हा देणाऱ्यांनाही हे माहीत असलेलं बरं. मी खरंच मार्चमध्येच बिलं काढतो.

तहसीलमागचा_वकील
एक भर. बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या साइटच्या कोडचा प्रताधिकार (कॉपीराइट), लेखी हस्तांतर नसेल तर, सर्वसाधारणपणे करणाऱ्याकडंच राहतो. पैसे दिले म्हणजे मालकी आली असं ग्राहक समजतात आणि भांडणं तिथं होतात. "पूर्ण पैसे मिळाल्यावर सर्व हक्क ग्राहकाचे" एवढी एक ओळ दोघांच्या सहीनं लिहिली की बरीच भांडणं टळतात. हक्क करणाऱ्याकडं राहतो हा नियम १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातला आहे.

गोदाकाठ
वाचतोय. काकांचं पुढं काय झालं?

मांजराकाठ
उशिरा लिहितोय, माफ करा. काकांकडं काल गेलो होतो.

जाताना मोंढ्यातल्या दादांच्या सांगण्याप्रमाणं पट्टीच करून नेली. वर काकांच्या दुकानाचं नाव. मांडणी आणि बांधणी १५,०००. मजकूर टंकन आणि दोनदा तपासणी ४,५००. दुकानात येऊन फोटो ३,०००. डोमेन आणि होस्टिंग (साइट ठेवायची जागा) एक वर्ष ३,८००, काकांच्या नावावर, त्यांनीच परस्पर भरायचे. वर्षभराची देखभाल ६,०००. बेरीज ३२,३००. खाली लिहिलं: निम्मे आधी, उरलेले साइट चालू करायच्या दिवशी, बदलांच्या फेऱ्या दोन, पूर्ण पैसे मिळाल्यावर सर्व हक्क ग्राहकाचे.

आकडा आधीपेक्षा मोठा होता, त्यामुळं छाती धडधडत होती. काकांनी खरंच एकेका ओळीवर बोट ठेवलं. मजकुराच्या ओळीवर थांबले. "हे टायपिंग आमची सून करेल. दुकानाचं टॅली तीच बघते, मराठी टायपिंग येतं तिला." त्यांनी स्वतःच्या पेनानं ती ओळ खोडली. राहिले २७,८००. फोटोच्या ओळीवर विचारलं, "तो पाच हजारवाला फोटोचं बोललाच नाही, तो कुठून लावणार होता?" मी म्हटलं, मला माहीत नाही काका, त्याला विचारा. देखभालीच्या ओळीवर त्यांनी बराच वेळ बोट ठेवलं, आणि मी गंगाखेडकरांचा जूनमधला किस्सा सांगितला, नाव न घेता. काका म्हणाले, "जून म्हणजे आमची पेरणी. तेव्हा दुकानात उभं राहायला जागा नसते, तेव्हा बंद पडली तर काय करायची साइट?"

निम्मे पैसे चेकनं दिले. अट एकच, मृगाच्या आत चालू झाली पाहिजे. सूनबाईंना मी युनिकोड कळफलक लावून दिला, त्यांनी पहिलं पान रात्रीच पाठवलं. एक रफार चुकलाय, बाकी चोख.

वजिराबादचा_डीटीपीवाला
शाब्बास. तो रफार आजच दुरुस्त कर आणि सूनबाईंना दाखव, म्हणजे पुढच्या पानांत येणार नाही.

कळंबची_सून
दोन फेऱ्यांनंतरच्या बदलाचा तासाचा दर लिहिलास का पट्टीवर?

मांजराकाठ
नाही ताई, राहिला. उद्या जाऊन ५५० लिहून सही घेतो. मी खरंच विसरलो होतो.

मोंढ्यातला
पोरा, तुझ्या त्या पट्टीची प्रत मला पाठव. माझ्या बंद पडलेल्या साइटचंही बघायचंय. टायपिंग मुलगा करेल, फोटो तू ये काढायला. जालना लांब नाही.

मांजराकाठ
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय दादा. आधी तुमचं जुनं डोमेन आज कुणाच्या नावावर आहे ते बघू. मोकळं असेल तर आजच, तुमच्या नावावर घेऊन टाका, माझी वाट बघू नका.